तिलिस्म: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

माझी भाची यंदा अकरावीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने 'ट्वायलाइट'ची चारही पुस्तकं वाचून काढली आणि मग लागोपाठ पाचही सिनेमे पाहिले. ते संपल्यावर मला फोन. "मामा, पुस्तकातली बेला किती बोलते! सिनेमात नुसती ओठ चावत उभी असते."

एका वाक्यात तिने असं समीक्षण केलं, की मी त्यावर आख्खा लेख लिहायला बसलो आहे.

ज्यांच्या घरात हे वारं अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरीमाला २००५ ते २००८ या काळात आली. सदानकदा पाऊस पडणाऱ्या फोर्क्स नावाच्या गावात एक साधी मुलगी राहायला येते, वर्गातल्या एका मुलाच्या प्रेमात पडते, आणि तो मुलगा निघतो रक्तपिपासू व्हॅम्पायर, पण सज्जन. शिवाय लांडगा होऊ शकणारा एक मित्रही आहे, त्यामुळे प्रेमाचा त्रिकोण. सिनेमे २००८ ते २०१२ मध्ये आले. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले म्हणून चाराचे पाच झाले. (पुस्तक कापून दोन तिकिटं विकायची ही युक्ती तेव्हा हॉलिवूडमध्ये जोरात होती.)

भाचीची तक्रार खरीच आहे. ही कथा बेला स्वतः सांगते. एडवर्ड दिसतो कसा, आपल्याला काय वाटलं, मग त्या वाटण्याबद्दल पुन्हा काय वाटलं, हे सगळं तिच्याच तोंडून येतं. घटना कमी, मन जास्त. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, चेहरा दिसतो. म्हणून सिनेमातली बेला गप्प वाटते.

पण एका जागी सिनेमाने फार छान वाट काढली आहे. दुसऱ्या भागात एडवर्ड तिला सोडून जातो आणि बेला महिनोन्महिने सुन्न होते. पुस्तकात मेयरबाईंनी तिथे काय केलंय? जवळजवळ कोरी पानं. एका पानावर ऑक्टोबर, पुढच्यावर नोव्हेंबर, मग डिसेंबर, जानेवारी. बस्स. सिनेमात बेला खिडकीपाशी खुर्चीत बसलेली आहे, कॅमेरा तिच्याभोवती गोल गोल फिरतो आणि खिडकीबाहेरचा ऋतू बदलत जातो. कोऱ्या पानाचं भाषांतर याहून चांगलं काय करणार!

आणि एका जागी त्यांनी चलाखी केली आहे. शेवटच्या पुस्तकात दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि बोलणीवर भागतं, लढाई होतच नाही. दीडदोन तास बसलेल्या प्रेक्षकाला ते कसं चालायचं? मग सिनेमात तुंबळ लढाई होते, मुंडकी उडतात, लाडकी पात्रं मरतात, आणि मग कळतं की हे सगळं एका पात्राला दिसलेलं भविष्य होतं, झालं काहीच नाही. म्हणजे लढाईही दाखवली आणि पुस्तकही मोडलं नाही. चलाख म्हणतो मी, पण प्रामाणिक नाही म्हणणार.

हे सगळं फोनवर बोलता बोलता मी भाचीला म्हटलं, "आमच्याकडेही एक होतं असं. राजकुमारी, राजपुत्र, गुप्त दरवाजे, विषकन्या. चंद्रकांता." ती म्हणाली, "ते मीमवालं? यक्कू?"

तेच ते. तीस वर्षांत 'चंद्रकांता'चं एवढंच उरलं असेल, तर याबद्दल लिहायलाच हवं.

आपल्यापैकी जे बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, बैतूल या पट्ट्यात वाढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमचा परसवाडा बालाघाटहून घाट चढून वर पठारावर. चारी बाजूंना जंगल, साल आणि साग, मोहाचा वास. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात पवारी आणि गोंडी कानावर. १९५६ पर्यंत आपला जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मग नकाशा बदलला आणि आम्ही मध्य प्रदेशी मराठी झालो. टीव्हीवर दूरदर्शन एवढा एकच चॅनल, तोही अँटेना नीट फिरवला तर. १९९४ मध्ये रविवारी सकाळी 'चंद्रकांता' सुरू झाली तेव्हा मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. म्हणजे भाचीच्या बरोबर उलट. तिने आधी वाचलं, मग पाहिलं. आम्ही आधी पाहिलं आणि पुस्तक नावाची काही गोष्ट यामागे आहे हे कितीतरी वर्षांनी कळलं. मला ते इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये मिळालं, कव्हर फाटलेलं, कुणीतरी सोडून गेलेलं.

आता लेखकाबद्दल, कारण ती गोष्टही कादंबरीपेक्षा कमी नाही. देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ चा, बिहारमधला. पुढे ते काशीला आले. काशीनरेशांच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांना मिळाला. म्हणजे हा माणूस मूळचा लाकडाचा ठेकेदार! आपल्याकडे जंगल ठेकेदार म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं ते आपण जाणतोच. पण या ठेकेदाराने जंगलात फिरताना पडके किल्ले, गुहा, ओढे, भुयारं पाहिली आणि मनात साठवली. ठेका सुटला. मग त्याच जंगलात त्याने गोष्ट उभी केली. 'चंद्रकांता' आली १८८८ च्या सुमारास. नंतर 'चंद्रकांता संतति', तब्बल २४ भाग. १८९८ मध्ये स्वतःचा लहरी प्रेस काढला. 'भूतनाथ' अर्धवट असताना १९१३ मध्ये ते गेले आणि मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ती मालिका पुरी केली. आजच्या भाषेत याला फ्रँचायझी म्हणतात.

आणि ही फ्रँचायझी केवढी चालली! हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या आचार्य रामचंद्र शुक्लांनी नोंदवून ठेवलंय, की खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, आणि फक्त उर्दू येणारे कितीतरी लोक ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून हिंदी शिकले. गंमत म्हणजे याच शुक्लांनी या कादंबऱ्यांना खऱ्या साहित्याच्या पंगतीत बसवलं नाही. लोकांनी लिपी शिकून घेतली, पण पंडितांनी पाट मांडला नाही. मेयरबाईंच्या नशिबीही साधारण हेच आलं म्हणा.

एक गोष्ट वाचण्यासाठी लिपी शिकणं. माझ्या ओळखीत नागपूर-पुण्यात वाढलेली मराठी घरांतली मुलं आहेत, मराठी फाडफाड बोलतात, पण देवनागरीचं पान समोर आलं की, "तूच वाचून दाखव ना". त्यांना शुक्लांची ही नोंद मी मुद्दाम सांगतो. काही फरक पडत नाही, पण सांगतो.

गोष्ट अशी. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम आहे. पहिल्या पानावर ते आधीच प्रेमात आहेत. पहिली भेट, चोरटी नजर वगैरे काही नाही. वीरेंद्र आपला मित्र तेजसिंहबरोबर संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी एका दगडावर बसून 'आता तिला भेटायचं कसं' याच्या मसलतीत आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचाही चंद्रकांतेवर आणि तिच्या बापाच्या गादीवर डोळा आहे. त्याचं जमत नाही तेव्हा तो चुनारच्या राजा शिवदत्तला जाऊन मिळतो, आणि शिवदत्तच्याही डोक्यात चंद्रकांता भरते. इथून पळवापळवी सुरू. विजयगढ आज उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात आहे, नौगढ चंदौलीत, चुनारचा किल्ला मिर्झापूरजवळ गंगेकाठी. फोर्क्सप्रमाणेच सगळी गावं खरी.

पण पुस्तकाचा जीव या तिघांत नाही. तो आहे ऐयारांत. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी, धावपटू आणि वैद्य, सगळं एकात. त्याच्या खांद्याला बटवा. बटव्यात रंगरोगण, बेहोशीची बुकणी, आणि बेहोश माणसाला शुद्धीवर आणणारा लखलखा. कमरेला कमंद, म्हणजे भिंतीवर चढायचा दोर. आणि त्यांचे नियम आहेत. शत्रूचा ऐयार सापडला तरी त्याला मारायचं नाही, कैद करायचं. म्हणून तोच बद्रीनाथ, तोच पन्नालाल पुन्हा पुन्हा सुटतात आणि पुन्हा पुन्हा फसवतात. पन्नास पानांनंतर तुम्ही चंद्रकांतेची काळजी सोडून देता आणि आता कोण कोणाला कशी बुकणी सुंघवतो एवढंच बघत राहता. बायकाही यात मागे नाहीत. चंद्रकांतेची सखी चपला स्वतः ऐयार आहे आणि माझ्या मते पुस्तकातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा हुशार आहे.

दुसरी गोष्ट तिलिस्म. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं जादूटोणा. खत्रींच्या पुस्तकात तसं नाही, आणि मी ज्यासाठी हा लेख लिहितोय ते हेच. तिथला तिलिस्म म्हणजे पूर्वजांनी खजिना राखण्यासाठी बांधलेली यंत्रणा. दगडाखाली कळ आहे, कळ दाबली की दार सरकतं, चुकीच्या जागी हात लावला की माणूस बेशुद्ध पडतो. एक दगडी बगळा आहे, तो चोच उघडून अख्खा माणूस गिळतो! वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे खत्री तुम्हाला हात धरून तिथे परत नेतात आणि बगळ्याची करामत कशी चालते ते सांगतात. 'संतति'मध्ये तिलिस्मी खंजीर आहे. त्याला हात लावला की झटका बसतो आणि त्यातून विजेसारखा उजेड पडतो. पण ज्याच्या बोटात त्या खंजिराच्या जोडीची अंगठी आहे, त्याला काही होत नाही. काशीला वीज येण्याच्या आधीच्या काळातला हा लेखक. त्याला सुरक्षेचा विचारही सुचला होता, हे बघा.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे जास्त भावत असेल. तिलिस्म तोडायचा तर आधी त्याचं पुस्तक मिळवावं लागतं. ते वाचून, पायरीपायरीने, सांगितलेल्या क्रमानेच पुढे जावं लागतं. बांधणारा केव्हाच मेलेला आहे, पण त्याने लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसात इतकं नीट लिहून ठेवणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही.

थोडक्यात काय, या गोष्टीत अद्भुत भरपूर आहे, पण दैवी काहीच नाही. भूत दिसलं तर ते ऐयार असतं. सिद्धबाबा भेटले तर त्यांच्या दाढीकडे नीट बघा.

आता मालिका. नीरजा गुलेरींची ही 'चंद्रकांता' शंभराहून जास्त भाग चालली. शिखा स्वरूप चंद्रकांता, शाहबाज खान वीरेंद्रसिंह. 'महाभारत'मधला कर्ण, पंकज धीर, इथे शिवदत्त. भीष्म, म्हणजे मुकेश खन्ना, इथे जांबाज. आपल्या वर्षा उसगांवकरही होत्या. बद्रीनाथ ऐयाराच्या कामात इरफान खान. तो पुढे कोण होणार आहे हे तेव्हा परसवाड्यात कोणाला माहीत होतं? आणि क्रूरसिंह झाले होते अखिलेंद्र मिश्र. त्या वर चढलेल्या भुवया, ती मान, ते 'यक्कू'. शाळेत आम्ही एकमेकांना हाक मारायचो ती तीच.

क्रूरसिंहाबद्दल थोडं थांबून बोलू. पुस्तकात तो गोष्ट ढकलून देतो आणि बाजूला होतो. पुढचा खरा शत्रू शिवदत्त. मालिकेने त्याला धरून ठेवलं, आणि बरोबर केलं. खत्रींनी क्रूरसिंहाला स्वार्थ दिला होता, अखिलेंद्र मिश्रंनी त्याला माणूस केलं. हास्यास्पद, घाबरट, घातकी, तरी मोठमोठ्याने बोलणारा. असा नट मिळाल्यावर पटकथाकाराने मूळ पुस्तक बाजूला ठेवायलाच हवं. पुस्तकाशी इमान राखणं ही सिनेमावाल्यांची पहिली जबाबदारी आहे असं मी मानत नाही. 'ट्वायलाइट'चे सिनेमे पुस्तकाशी खूप इमानदार आहेत, कारण लेखिका हयात आहे आणि तिचे लाखो वाचक तिकीट काढून डोळ्यात तेल घालून बसलेले आहेत. खत्रींना जाऊन ऐंशी वर्षं झाली होती, हक्क केव्हाच संपले होते. कोणी विचारणारं नव्हतं. त्या मोकळेपणातून क्रूरसिंह मिळाला.

पण त्याच मोकळेपणात तिलिस्म गेला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ऐयारी पडद्यावर दाखवणं भयंकर अवघड. पुस्तकात खत्री काय करतात? "एक तरुण मुलगा झाडाखाली बसला आहे," इतकंच म्हणतात. तो कोण हे तीन पानं सांगत नाहीत. मग तो चेहरा धुतो आणि आपण म्हणतो, अरे, ही तर चपला! शब्दात नाव लपवता येतं. पडद्यावर चेहरा लपत नाही. तोच नट मिशा लावून आला तर शेंबडं पोरही ओळखतं, मग समोरचा राजा का ओळखत नाही असं वाटतं. आणि वेशांतरासाठी दुसराच नट आणला तर ते वेशांतर राहतच नाही, तो दुसरा माणूसच होतो. यातून सुटायचा सोपा रस्ता म्हणजे जादू. हात फिरवला, धूर झाला, रूप बदललं. मालिकेने जागोजागी तोच रस्ता धरला. नाग आले, विषकन्या आल्या, मायावी शक्ती आल्या. आम्हा पोरांना ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आज मोठ्या मनाने परत बघताना मात्र एक गोष्ट जाणवते. जादू आली की अक्कल घरी जाते. पुस्तकात वीरेंद्र अडकला तर तेजसिंह काय शक्कल लढवेल, याचा आपणही विचार करत असतो, कारण त्याच्या बटव्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मालिकेत कोणीही अडकला तरी पुढच्या रविवारी कोणता नवा चमत्कार येईल एवढीच वाट पाहायची. आणि प्रेमाचंही तेच होतं. पुस्तकातलं प्रेम म्हणजे काम आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला दार शोधा, कळ ओळखा, मित्र गमवा, परत मिळवा. मालिकेतल्या प्रेमिकांना मुख्यतः विरह सोसायचा असतो, पार्श्वसंगीतासकट.

(ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी हा पुढचा परिच्छेद गाळावा.) याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वनकन्या. चंद्रकांता तिलिस्मात अडकलेली असताना वीरेंद्रला जंगलात एक मुलगी भेटत राहते. धाडसी, रहस्यमय, वेळेवर मदतीला येणारी. वीरेंद्रचं मन डळमळतं. तेजसिंह त्याला टोकतो. हा बेला-एडवर्ड-जेकबसारखाच त्रिकोण, फक्त इथे गोंधळलेला पुरुष आहे. मेयरबाई हा त्रिकोण चार पुस्तकं ताणतात आणि शेवटी जेकबची सोय अशी लावतात, की माझी भाचीसुद्धा म्हणाली, "मामा, हे जरा विचित्रच आहे." खत्री एका फटक्यात सोडवतात. वनकन्या हीच चंद्रकांता निघते! ती केव्हाच सुटली होती आणि वेष बदलून त्याच्याच आसपास वावरत होती. आणि त्यामागे असलेले सिद्धनाथ बाबा म्हणजे तेजसिंहाचे वडील जीतसिंह. पळवाट आहे का? आहे. पण त्यामुळे जी राजकन्या आपण निम्मं पुस्तक बंदिवान समजत होतो, तीच घोड्यावरून फिरत गोष्ट पुढे नेत होती हे कळतं, आणि मागची सगळी पानं एकदम वेगळी दिसायला लागतात. हे पडद्यावर आणणं जवळपास अशक्य आहे, कारण ती पहिल्यांदा दिसली की आपण तिला ओळखणार.

पुस्तक निर्दोष आहे असं मुळीच नाही. पकड-सोड, पकड-सोड इतक्या वेळा होतं, की मधे कंटाळा येतो. क्रूरसिंहाचे ऐयार नाजिम आणि अहमद यांच्याबद्दल लेखकाची भाषा जिथे त्यांच्या धर्मावर जाते, तिथे आज खटकतं, खटकायलाच हवं. 'संतति'मध्ये तर कोण कोणाची बहीण आणि कोण कोणाच्या वेषात आहे याची वही ठेवावी लागते. मी खरंच ठेवली होती, मागच्या पानावर बाण काढून. दहाव्या भागापर्यंत तो कागद तिलिस्माच्या नकाशासारखा दिसायला लागला.

२०१७ मध्ये एकाच वर्षी दोन नव्या 'चंद्रकांता' आल्या, एक लाइफ ओके वाहिनीवर आणि एक कलर्सवर. कॉम्प्युटर ग्राफिक्स आले होते, खर्च दिसत होता. दोन्हींत जादूच जास्त. मी थोडी थोडी बघून सोडली, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मग पडद्यावर नियम टिकतच नाहीत का? टिकतात, आणि त्याचा दाखला आपल्याच अंगणातला आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). सिनेमा हिंदी, पण माती कोकणातली, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं आणि मूळ बीज नारायण धारपांच्या कथेतलं. त्यात देवाच्या शापापासून राक्षसापर्यंत सगळं दैवी आहे. तरीही पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, खाली किती वेळ थांबायचं, काय केलं तर मरायचं, हे सगळं पक्कं. एकदा नियम सांगितला की दिग्दर्शक तो मोडत नाही, आणि म्हणूनच शेवटची चूक अंगावर येते. बर्वेंनी दैवी गोष्टीला यंत्रासारखं चालवलं. मालिकेने यंत्राच्या गोष्टीला दैवी केलं. मला वाटतं, फरक माध्यमाचा नसून यातच आहे.

आपल्या मराठीत अशी अद्भुतरम्य प्रेमकथांची परंपरा नव्हती असंही नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. म्हणजे चंद्रकांतेच्या कितीतरी आधी. पण त्या आमच्यापर्यंत कधी पोहोचल्या नाहीत. आमच्या गावात मराठी पुस्तक यायचं ते गोंदिया-नागपूरहून कोणी पाहुणा आला तर, नाहीतर दिवाळी अंक. माझ्या बालपणीची राजकन्या हिंदी बोलणारी होती आणि मी तिच्याबद्दल आजीला मराठीत सांगायचो. मला ते कधी वेगळं वाटलं नाही. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना दोन्हीकडचं फुकट मिळतं, हा आपला खरा खजिना आहे. पुण्यातल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते जरा दयेने बघतात. त्यांनी चंद्रकांता वाचलेली नाही, त्याला मी काय करू.

आता ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी. 'चंद्रकांता' चार छोट्या भागांची, साधारण एका जाड कादंबरीएवढी. हक्क संपल्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळते आणि छापील प्रतही स्वस्त असते. सव्वाशे वर्षांपूर्वीची हिंदी असली तरी बोलीतली, सरळ आहे. ज्याला मराठी वाचता येतं त्याला अडणार नाही. प्रकरणांना 'बयान' म्हणतात आणि ती इतकी लहान आहेत, की मोठ्याने वाचून दाखवायला सोयीची. एक बयान दहा मिनिटांत होतं. ज्यांच्या मुलांची देवनागरी कच्ची आहे त्यांनी पहिले तीन-चार बयान स्वतः वाचून दाखवावेत आणि ऐयार भिंतीवर चढायला लागला की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात निघून जावं. 'संतति'ला मात्र वही-पेन घेतल्याशिवाय हात लावू नका.

भाचीला मी पहिला भाग पाठवला आहे. काल तिचा मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत नाही, चक्क देवनागरीत: "मामा, बटव्यात अजून काय काय असतं?"